झाकणाखालचा खोकला

साथ वाढतेय की ओसरतेय, हे माणसांच्या आधी सांडपाण्याला कळतं. म्हणून नमुनेवाला रोज सकाळी गल्लीतल्या गटाराचं झाकण उघडायचा आणि तपासणीला पाणी घ्यायला दोरीने बाटली आत सोडायचा.

रोज खालून खोकल्याची उबळ ऐकू यायची.

“गॅस असतो रे आत,” त्याला घेऊन येणारा गाडीवाला म्हणायचा. पण स्वतः काही गाडीतून उतरायचा नाही.

घरी नमुनेवाल्याची लेकही अगदी तशीच खोकत होती. आठ दिवस तापाने फणफणलेली, अन्नाला शिवलीसुद्धा नव्हती.

आज झाकण उघडलं, तर आत सगळं चिडीचूप.

बाटली भरली. तो दोरी ओढायला लागला, तेवढ्यात खालच्या अंधारातून लेकीचा खणखणीत आवाज आला,

“बाबा, भूक लागलीय.”