औंदाचा चीक

झुंबरबाईची म्हैस व्याली. रेडकू पोटभर प्यालं, मग उरलेल्या चिकाची चरवी घेऊन ती आळीत वाटायला निघाली. कार्ल्याच्या सडकेवर नवीन हॉटेल टाकलेल्या गुलाबशेठनं तिला वाटेतच थांबवलं.

“मावशी, सगळा मलाच द्या. लेणी बघायला येणारे मुंबईचे मोटारवाले खरवसाला म्हणाल तो भाव देतात.”

“चीक इकत न्हाईत, शेठ. रेडकाचा असतोय त्यो. उरला तर वाटायचा.”

“मग मला वाटा. मी पण आता गावचाच की!”

गावच्या माणसानं मागितल्यावर चिकाला नाही म्हणायची रीत नव्हती. झुंबरबाईनं अख्खी चरवी त्याच्या पातेल्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलावरून जाताना ती थबकली. आत मोटारवाले खरवस खात होते आणि शेठ बशीबशीचे पैसे घेत होता. ती तशीच माघारी आळीकडे वळली.

थोड्या वेळानं हॉटेलाच्या दारातला उजेड अडला. बाहेर सगळी आळी येऊन उभी होती. म्हातारीकोतारी होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, आणि ज्याच्या त्याच्या हातात वाटी होती. मोटारवाल्यांचे चमचे थांबले.

“हे काय, मावशी?” शेठनं विचारलं.

“म्या सांगून आले समद्यांस्नी,” झुंबरबाई शांतपणे म्हणाली, “औंदाचा चीक गुलाबशेठ वाटत्यात म्हणून.”