नाकावरचं कुंकू

"पुन्हा आलं!" फोरमन वाघचौरे ओरडले. विमानाच्या नाकावरचं कुंकू त्यांनी सकाळपासून पाचव्यांदा खरवडलं होतं, आणि पाचव्यांदा ती पातळ प्लास्टिकची कातडी जखमेसारखी भरून येऊन लालच झाली होती. साच्यात निवताना जशी होती तशीच परत व्हायचं, हाच तर या कातडीचा गुण. जितकं दुखवावं तितकी ती मूळ रूपाकडे जास्त नेटाने जायची.

खंडेनवमीला साचा गरम असतानाच कारखान्यातल्या कुणीतरी गुपचूप पूजा उरकून ओल्या कातडीला कुंकू लावलं होतं. पूजेवर बंदीची नोटीस खुद्द वाघचौऱ्यांनी लावलेली. आता चार वाजता तपासनीस येणार होते, आणि तोवर लावणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर अख्ख्या पाळीची नोकरी जाणार होती.

"सुलभाताई, तुम्हीच लावलंत. नारळ तुमच्याच डब्यात होता."

"तो चटणीचा, साहेब," जोडणीवरच्या सुलभा खैरनार म्हणाल्या. "आणि आम्ही बायका कुंकू अनामिकेने लावतो. हा अंगठा दिसतोय."

वाघचौऱ्यांनी चिडून सहाव्यांदा खरवडलं, चांगलं खोल. कातडी भरून आली. या वेळी ठशाच्या रेषान् रेषा उमटल्या, आणि मधोमध एक जुना आडवा व्रण.

सुलभाताईंनी साहेबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. साहेबांनी अंगठा मुठीत घेतला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा खरवडणी उचलली.

"राहू द्या, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आणखी खरवडलंत तर सही उमटेल."