आतल्या खुर्चीवरचा

मुंबईच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं व्हायोलिन वाजवून संघपाल उस्मानपुऱ्यातल्या घरी परतला. ऑर्केस्ट्रात दोघांत स्वरलिपीचा एकच स्टँड असायचा. आतल्या खुर्चीवरच्यानं वाजवणं थांबवून पान उलटायचं, बाहेरच्यानं वाजवत राहायचं. घरी सराव करतानाही संघपाल सवयीनं आतल्या बाजूला एक रिकामी खुर्ची मांडायचा.

पहिल्याच दुपारी पान आपोआप उलटलं. अलगद, अगदी वेळेवर. पंखा बंद होता. पण त्याला भीती नाही, सोबत वाटली.

"नोकरीत होता त्याच्यापरीस आता लई खूश दिसता," बायको सरिता म्हणाली.

"व्हय," तो हसला.

आज मात्र पान हललंच नाही. शेवटी व्हायोलिन मांडीवर ठेवून त्यानं स्वतःच ते उलटलं.

सूर थांबले नाहीत.