रांगेतला नववा

“मला मध्ये घाल,” साहेब म्हणाले. “कडेला नको. अगदी मधोमध.”

तिने खुर्ची वळवली नाही. पडद्यावर खेळाचं शेवटचं दृश्य होतं. किल्ल्याची भिंत आणि तिच्यापुढे रांगेत उभी खेळ बनवणारी माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला आठ ठिपके रुंदी, सोळा ठिपके उंची आणि तीन रंग. एवढ्या जागेत डोळे काढले तर नाकाला जागा उरत नाही. तरी हिशेबनीस बाई वाकड्या मानेवरून ओळखू येत होत्या आणि प्रोग्रामर पोटावरून.

जुन्या गेमिंग यंत्रासाठी नवे खेळ बनवायचे, हा त्यांचा धंदा. यंत्र साहेबांच्या तरुणपणातलं. हौशी लोक ते अजून जिवापाड जपतात आणि नवा खेळ आला की तुटून पडतात.

“आत्ता आठ आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही आलात की नऊ होतील.”

“नऊ काय, दहा होऊ देत. एवढी भिंत रिकामी पडलीय.”

प्रोग्रामरची बोटं थांबली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“एकाला काढू का?” तिने विचारलं.

“कुणाला काढू नकोस गं. मी काय तसला माणूस आहे?” साहेब वाकले आणि त्यांनी कडेच्या आकृतीवर बोट ठेवलं. “हा कोण? एक खांदा खाली पडलेला?”

“दादा.”

साहेबांनी बोट मागे घेतलं. मग तिच्या खुर्चीची पाठ थोपटत म्हणाले, “राहू दे. होता बिचारा बरोबर सुरुवातीला. कडेला शोभतोय.”

होता बरोबर. पहिल्या खेळातला ठिपका न् ठिपका दादाने बसवला होता. खोक्यावर नाव छापलं गेलं साहेबांचं. पुढे दादा जिथे काम मागायला गेला, तिथे लोक म्हणायचे, तुमचं आधीचं काम दाखवा. तो वारला तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवत होता. तिने, त्याच्या धाकट्या बहिणीने, याच कंपनीत नोकरी धरली, ती काही पगारासाठी नव्हे. मनात डूख धरून माणूस किती सरळ बसू शकतो, ते तिच्याकडे बघून कळलं असतं.

तिने साहेबांना मधोमध काढलं. कोट, भांग, पुढे काढलेली छाती. जीव ओतून काढलं. साहेब खूश होऊन निघून गेले.

दार लागल्यावर प्रोग्रामर म्हणाला, “साहेबांना सांगणार नाहीस?”

“सांगितलं की. तुझ्यासमोर सांगितलं.”

त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच आकृत्या दाखवता येतात. नववी आली की आकृत्यांच्या यादीत जी शेवटची असेल, ती यंत्र सरळ गिळून टाकतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कामाच्या सोयीसाठी ही अट बंद ठेवलेली होती. पण त्या यंत्रासाठी ज्याने एकदा तरी चित्र काढलंय, त्याला ती स्वतःच्या नावासारखी पाठ असते.

“यादीचा क्रम फिरवत ठेवू का?” प्रोग्रामर म्हणाला. “सगळे जरा लुकलुकतील, पण सगळे दिसतील.”

“लुकलुकणं साहेबांना खपत नाही.”

“यादीत पहिला कोण?”

“दादा.”

शेवटचा कोण, ते त्याने विचारलं नाही. “नोकरी जाईल बाई तुझी,” एवढंच म्हणाला.

“जाऊ दे. तू खेळाची चिप भरायला घे. एकदा भरली की खाडाखोड नाही.”

खेळ लोकांसमोर आणायचा दिवस आला. सभागृह खच्चून भरलं होतं. लोकांनी आपापली जुनी यंत्रं लहान मुलासारखी मांडीवर घेतली होती. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी दादाची बायको. साहेबांनीच वहिनीला आवर्जून बोलावलं होतं. कार्यक्रमात तेवढंच बरं दिसतं.

“पहिल्या खेळातलं प्रत्येक चित्र या हातांनी काढलंय,” साहेब माइकवर सांगत होते. “या यंत्राची नस न् नस मला ठाऊक आहे.”

टाळ्या पडल्या. मंचावर एकाने शेवटच्या राक्षसाला लोळवलं, किल्ल्याचं दार उघडलं आणि रांग दिसली. कडेला दादा हात हलवत होता. चार माणसं डावीकडे, चार उजवीकडे. मधोमध नुसत्या विटा.

“मी कुठे गेलो?” साहेब म्हणाले. माइक तोंडाशीच होता.

मागून कुणीतरी समजुतीने ओरडलं, “साहेब, रांगेत नऊ झाले असतील.”

“मग? नऊ झाले तर काय झालं?”

मांडीवरच्या यंत्रांवरून माना वर झाल्या. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काय चुकलं ते त्यांना अजूनही कळलं नव्हतं आणि ते कळलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मग एक जण हसला. पाठोपाठ दुसरा. हसू रांगारांगांतून पुढे सरकत आलं.

“मग पहिला खेळ काढला कुणी हो?” मागचा माणूस म्हणाला. आता त्याच्या आवाजात समजूत नव्हती.

साहेबांनी माइक खाली घेतला. त्यांचे डोळे तिला शोधत तिसऱ्या रांगेपर्यंत आले. ती उठून उभी राहिली, नीट दिसावी म्हणून.

वहिनीने तिचा हात धरून खाली ओढला. आता ही “पुरे झालं” म्हणणार, असं तिला वाटलं. वहिनीने पर्समधून चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला.

“शेवट परत लावायला सांग,” वहिनी म्हणाली. “मला नीट बघायचंय.”