तांबूस गोंदण

शिक्षिका असलेली वसुधा तोरसकर शाळा सुटल्यावर थेट भावाच्या गॅरेजमध्ये आली. तिच्या मनगटावरचं हिरवं गोंदण सकाळी तांबूस झालं होतं. रक्तातली सूज आणि कोलेस्टेरॉल वाढून धमन्या आतून खराब व्हायला लागल्या, की ही शाई रंग बदलायची. छातीत पहिली कळ येण्याच्या कितीतरी वर्षं आधी. हल्ली प्रत्येकाच्या हातावर ते गोंदण असायचं.

"दादा, हे बघ," तिने हात पुढे केला. "डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात येईल. पण हे घराण्यात असतं, म्हणून भावालाही दाखवायला सांगा."

श्रीरंग होडीच्या इंजिनावर वाकलेलाच राहिला. एवढ्या उकाड्यातही त्याने पूर्ण बाहीचा शर्ट घातला होता.

"माझं ठीक आहे."

"मग दाखव."

त्याने पाना खाली ठेवला आणि बाही वर सरकवली. गोंदण गडद लाल होतं.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, वसू. रंग दिसला तेव्हा वाटलं, आपलंही तेवढंच आयुष्य. उगाच तुम्हाला कशाला घोर लावायचा?"

वसुधाला राग आला आणि रडूही आलं. "बाबांच्या वेळी ही शाई नव्हती रे. त्यांना कळलंच नाही. तुला कळलंय."

श्रीरंगने हात धुतले, गॅरेजचं शटर ओढलं आणि तिच्या स्कूटरवर मागे बसत विचारलं, "तुझा तो डॉक्टर किती वाजेपर्यंत असतो?"