लाल ठिपका

"परत पाठवा हा माल! ठिपका कसला, कुंकू फिसकटल्यासारखं दिसतंय!" निवृत्त हवालदार रंगराव कुरणे गरजले. पिस्तुलावर बसवायची ती काडेपेटीएवढी, स्वस्तातली साइट नेमबाजीच्या रेंजवाल्यांनी त्यांच्याकडे तपासायला दिली होती. तिच्या काचेतला लाल ठिपका निशाण्यावर आणायचा आणि चाप ओढायचा, एवढं सोपं काम.

त्यांची शिष्या शाल्मली डोकावली. "काका, टिकलीसारखा गोल आहे की!"

"तुला काय कळतंय?"

तिनं काचेमागे मोबाइल धरून फोटो काढला आणि त्यांच्यापुढं केला. ठिपका चांगला वाटोळा होता.

रंगरावांनी पुन्हा काचेतून पाहिलं, तर तो फिसकटलेलाच. वर्षभर नेम हुकत होता. हात म्हातारा झाला म्हणून त्यांनी स्वतःचं पिस्तूल पेटीत कुलूपबंद केलं होतं. त्यांनी तो हात समोर ताणून धरला. एकही बोट थरथरलं नाही.

"म्हणजे हात शाबूत आहे गं! डोळा गेला!"

"गेला कुठं? चष्मा लागलाय, काका."

पेटीची किल्ली शोधून खिशात टाकल्यावरच त्यांनी तपासणीच्या वहीत लिहिलं, ‘साइट पास. तपासणारा नापास. चष्मा आल्यावर फेरपरीक्षा.’