वावरातलं जपानी पाखरू

“ही डोमकळी होय,” शेजारचे किसनराव भिंतीवरच्या चित्राला नाक लावून म्हणाले. “अळी आहे अंदर, म्हनून फूल उमललं नाही.”

“काका, जपानी फूल आहे ते. अर्धं मिटलेलंच काढतात,” प्रियंका म्हणाली.

“म्हंजे जपानातबी पोचली का बोंडअळी!”

त्यांचा तरी काय दोष? त्या साली घाटंजीकडे गुलाबी अळीनं अख्खी कपाशी पोखरली होती, माणसांना दुसरं काही दिसतच नव्हतं. प्रियंकानं मात्र दिवाळीच्या सुटीत घरी बसून चित्रकलेच्या कॉलेजच्या परीक्षेसाठी हे चित्र रंगवलं होतं. कॅलेंडरसारखं लांबट, वर-खाली दांडी, एक फूल, एक पाखरू. बाकी सगळं कोरं.

तिचे वडील बळीराम भडकलेच. “दोन वर्सं कॉलेजात घातले, अन् कागद कोराच?”

“कोराच ठेवा लागते, बाबा. जपानी पद्धत आहे.”

“कामचुकारपनाची पद्धत आपल्या इथंबी आहे! या चित्राचा कोनाले काही उपेग झाला त जाय कॉलेजात. नाहीतर घरीच राहाचं, सांगून ठेवतो.”

पोरगी रडून रडून झोपली. सकाळी उठून पाहते तर भिंत रिकामी!

“माय वं, माहं चित्र?”

“तुह्या बापानं वावरात नेलं,” रुखमाबाई भाकर थापत म्हणाली.

प्रियंका तशीच धावत सुटली. पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून बळीरामनं कपाशीत काठ्या रोवल्या होत्या. पण मेली पाखरं विजेच्या तारेवरच बसायची. आज मधल्या काठीला प्रियंकाचं चित्र लटकत होतं.

“बाबा! माहं वरीस बुडवता काय?”

“चूप! एक बसलेलं दिसलं का दुसरं बसते.”

तेवढ्यात तारेवरचा एक काळा कोतवाल पक्षी सुर्रकन खाली आला. काठीवर बसला. चित्रातल्या पाखराकडे त्यानं मान वाकडी करून पाहिलं. आपल्या वावरात हा कोण उपरा आला, म्हणून असा काही तुटून पडला, की पाखराच्या डोक्याच्या जागी भोक!

प्रियंका धुऱ्यावरच, वावराच्या बांधावर, बसली. “आता मास्तरले काय दाखवू मी?”

बळीरामनं त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग त्यानं चित्र जपून गुंडाळलं आणि पोरीच्या हातात दिलं.

“हेच दाखव. तुमच्या आंधी खऱ्या पाखरानं तपासलं म्हनाव. पाखरू काठीवर बसलं, उपेग झाला. चाल, बॅग भर.”